प्रामाणिक हुकूमशहाची गोष्ट

"या देशाला ना, एक प्रामाणिक हुकूमशहा पाहिजे. पाच वर्षं फक्त. सगळे सुतासारखे सरळ येतील."

हे वाक्य ऐकलं नाही असा मराठी माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. एस्टीत, लग्नाच्या पंगतीत, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये आणि आमच्या पूर्णगडात चहाच्या टपरीवरसुद्धा ते सारख्याच उत्साहाने म्हटलं जातं. म्हणणारी माणसं दुष्ट वगैरे नसतात हो. खड्ड्यांना, लाचेला, सरकारी कचेरीतल्या "उद्या या"ला कंटाळलेली असतात. आणि त्यांच्या वाक्यातला खरा वजनदार शब्द 'हुकूमशहा' हा नाहीच, 'प्रामाणिक' हा आहे. हिटलर कोणालाच नको असतो. हवा असतो तो साधा राहणारा, पैसे न खाणारा, हिशेबाला पक्का आणि ठाम असा कोणीतरी.

गंमत अशी, की हा प्रयोग झालेला आहे. अगदी याच वर्णनाचा हुकूमशहा होऊन गेला. आणि त्याच्या राज्याची हद्द आमच्या रत्नागिरी जिल्ह्याला लागून होती!

पूर्णगड म्हणजे मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथल्या टेकाडावरचा एक छोटासा किल्ला आणि त्याच्या पायथ्याचं गाव. पलीकडच्या तीरावर गावखडी. किल्ल्याच्या तटावर उभं राहून किनाऱ्या-किनाऱ्याने मनातल्या मनात दक्षिणेकडे निघालात, तर जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत शेवटी तेरेखोलला पोचता. सरळ रेषेत मोजलं तर साधारण सव्वाशे किलोमीटर. आज वेंगुर्ला आणि सावंतवाडी सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहेत, पण १९८१ पर्यंत तो सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच होता. सावंतवाडी संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं. त्यानंतर १९६१ च्या डिसेंबरपर्यंत रत्नागिरी जिल्ह्याची दक्षिण हद्द ही स्वतंत्र भारत आणि अंतोनिओ द ऑलिव्हेरा सालाझार नावाच्या हुकूमशहाचं राज्य यांच्यामधली हद्द होती. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात युरोपात हुकूमशहांचं जे पीक आलं, त्यातलं एक झाड आपल्या कुंपणाला चिकटून वाढलं. शाळेच्या पुस्तकात मुसोलिनी आणि हिटलरला धडाभर जागा असते आणि सालाझारला फार तर एक ओळ. म्हणून म्हटलं, या विकांताला त्याच्याबद्दल लिहावं.

आधी मोठं चित्र बघू. पहिलं महायुद्ध १९१८ मध्ये संपलं तेव्हा युरोपात लोकशाहीची लाट होती. जुने सम्राट गेले, नव्या राज्यघटना आल्या. आणि पुढच्या वीस वर्षांत एकेक दिवा विझत गेला. इटलीत १९२२ मध्ये मुसोलिनी, स्पेनमध्ये १९२३ ला जनरल प्रिमो द रिव्हेरा, पोलंडमध्ये १९२६ ला पिल्सुद्स्की, त्याच वर्षी पोर्तुगालमध्ये लष्कर, युगोस्लाव्हियात १९२९ ला खुद्द राजाच, जर्मनीत १९३३ ला हिटलर, ऑस्ट्रियात त्याच वर्षी डॉलफुस, ग्रीसमध्ये १९३६ ला मेटाक्सास, आणि १९३९ मध्ये यादवी जिंकून स्पेनमध्ये फ्रँको.

आपल्या डोक्यात हुकूमशहा येतो तो रणगाड्यावर बसून. पण यातली दोन सगळ्यात मोठी नावं घ्या. मुसोलिनीने रोमवर 'चाल' केली असं आपण वाचतो. प्रत्यक्षात पंतप्रधानांनी लष्करी कायदा लावायचा हुकूम तयार ठेवला होता, त्यावर सही करायला राजाने नकार दिला आणि उलट मुसोलिनीलाच सरकार बनवायला बोलावलं. साहेब मिलानहून रात्रीच्या रेल्वेत झोपून रोमला आले. हिटलरच्या पक्षाच्या जागा तर नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत २३० वरून १९६ वर घसरल्या होत्या. तरी ३० जानेवारी १९३३ ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गने त्याला चॅन्सेलर नेमलं, कारण आजूबाजूच्या मुरब्बी पुढाऱ्यांना वाटलं की याला आपण सांभाळून घेऊ. मार्चमध्ये संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी स्वतःचे अधिकार त्याच्या सरकारला देऊन टाकले. त्या कायद्यावर चार वर्षांची मुदतसुद्धा घातलेली होती, बरं का. १९३७ मध्ये मुदत संपली, तेव्हा वाढवून घेतली. नाही म्हणायला शिल्लक कोण होतं?

म्हणजे दार फोडून कोणी आत आलं नाही. घरातल्याच कोणीतरी आतून कडी काढली. पोर्तुगालच्या गोष्टीत तर ही कडी काढणं इतकं सभ्यपणे झालं की आवाजही आला नाही.

पोर्तुगालमध्ये १९१० मध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं. या प्रजासत्ताकाचा गोव्याला फार मोठा फायदा झाला आणि ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळांना माहीत नसते. १९११ च्या कायद्याने चर्च आणि सरकार वेगळं झालं. गोव्यातल्या हिंदूंना सरकारी नोकऱ्या आणि सार्वजनिक जीवन प्रत्यक्षात खुलं झालं ते तेव्हा. मराठी शाळा, वाचनालयं, नियतकालिकं यांना मोकळा श्वास मिळाला. गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचं 'भारत' हे पत्र याच काळातलं. पोर्तुगीजमधून लिहिणारे लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांच्यासारखे पत्रकार सरकारला जाहीरपणे जाब विचारत होते.

पण लिस्बनमध्ये घरच वाहून चाललं होतं. सोळा वर्षांत चाळीसहून जास्त सरकारं आली आणि गेली. महागाई, बंडं, संप, कर्ज. लोक इतके वैतागले की २८ मे १९२६ ला लष्कराने बंड केलं तेव्हा प्रजासत्ताकासाठी रडायला फारसं कोणी पुढे आलं नाही. सेनापतींनी सत्ता घेतली खरी, पण हिशेब त्यांच्याही आवाक्यात येईना. तूट वाढतच गेली. राष्ट्रसंघाकडे कर्ज मागितलं, तर त्यांनी आमची देखरेख मान्य करा अशी अट घातली. हा अपमान होता. मग आठवण झाली कोइंब्रा विद्यापीठातल्या एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची.

सालाझार शेतकरी वस्तीत वाढलेला, पाद्री होण्यासाठी शिकलेला, अविवाहित, अबोल माणूस. १९२६ मध्ये त्याला अर्थमंत्री केलं होतं, पण पाहिजे ते अधिकार मिळेनात म्हणून काही दिवसांतच तो सरळ घरी परतला होता. एप्रिल १९२८ मध्ये पुन्हा बोलावणं आलं तेव्हा त्याने अटी घातल्या. कुठल्याही खात्याने ठरवून दिलेल्या रकमेबाहेर जायचं नाही, आणि कुठलाही वाढीव खर्च नाकारायचा अधिकार माझा. सेनापतींनी मान्य केलं.

आमच्या धंद्यातल्या कोणालाही हा सीन लगेच ओळखू येईल. रात्रीचे दोन वाजलेत, प्रॉडक्शन सर्व्हर बसलाय, मॅनेजर घामाघूम. तेवढ्यात एक हुशार माणूस शांतपणे म्हणतो, "मला सगळ्या मशीनचा ॲडमिन पासवर्ड द्या, मी बघतो." देतात. दुसरं काय करणार? सर्व्हर चालू होतो, टाळ्या वाजतात. पासवर्ड परत घ्यायचं मात्र कोणाच्याच डोक्यात येत नाही.

सालाझारने सर्व्हर खरोखरच चालू केला, हे मान्य केलं पाहिजे. वर्षभरात अंदाजपत्रकात तुटीच्या जागी शिल्लक दिसू लागली. लोक चकित झाले. मग प्रत्येक खातं पैशासाठी त्याच्या दारात, म्हणजे प्रत्येक खातं त्याच्या हातात. १९३० मध्ये सरकारचा एक पक्ष काढला, बाकीच्यांना जागाच उरली नाही. जुलै १९३२ मध्ये तो पंतप्रधान झाला. १९३३ मध्ये नवी राज्यघटना जनतेपुढे मतदानाला ठेवली आणि जे मतदानाला आले नाहीत त्यांचं मत 'हो' असं धरलं! विचारस्वातंत्र्याची हमी त्या घटनेत होती, आणि त्याच कलमात पुढे असंही होतं की ते कसं वापरायचं हे खास कायद्यांनी ठरेल. अशी ही एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणारी घटना. त्याच वर्षी राजकीय पोलीस खातं उभं राहिलं, जे पुढे 'पीद' या नावाने कुप्रसिद्ध झालं.

भाषणबाजी नाही, गणवेश नाही, बाल्कनीतून हातवारे नाहीत. फक्त फाइली.

आता या फाइली गोव्यात पोचल्यावर काय झालं ते बघा. १९३० मध्ये 'वसाहत कायदा' आला. आशय असा, की समुद्रापलीकडचे मुलूख ताब्यात ठेवणं आणि तिथल्या लोकांना सुसंस्कृत करणं हे पोर्तुगीज राष्ट्राचं स्वाभाविक ऐतिहासिक कार्य आहे. प्रजासत्ताकाच्या काळात जी थोडीफार स्वायत्तता होती ती आटली आणि कारभार पुन्हा लिस्बनच्या मुठीत गेला. मिनेझिस ब्रागांझांनी गोव्याच्या कौन्सिलमध्ये या कायद्याविरुद्ध, स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. लिस्बनमधल्या हिशेबनिसाला गोव्याच्या कौन्सिलचं काय वाटतं याच्याशी कर्तव्य नव्हतं. ब्रागांझा १९३८ मध्ये वारले.

छापण्याआधी प्रत्येक मजकूर सेन्सॉरकडे जाऊ लागला. वर्तमानपत्र तर सोडाच, लग्नपत्रिकासुद्धा दाखवून आणावी लागे. सभा घ्यायची तर परवानगी हवी, आणि परवानगी मिळत नसे. १८ जून १९४६ ला राममनोहर लोहियांनी मडगावात जी बंदी मोडली ती हीच. भाषण करण्याची बंदी! त्यानंतर त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला, आठ वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन टाकलं. वय किती? पंचावन्न. गुन्हा? बोलणं आणि लिहिणं.

भारत स्वतंत्र झाल्यावर पाँडिचेरीचा प्रश्न फ्रान्सशी बोलून १९५४ मध्ये मार्गी लागला. फ्रान्समध्ये निवडणुका होत्या, विरोधी पक्ष होते, वर्तमानपत्रं होती. वसाहती परवडत नाहीत असं तिथे म्हणता येत होतं. पोर्तुगालमध्ये ते म्हणणाऱ्याला तुरुंगाची वाट होती. सालाझारने १९५१ मध्ये शोधलेला उपाय तर खास त्याच्या पद्धतीचा होता: कागदावरचा शब्द बदलायचा. 'वसाहती' हा शब्द खोडून 'सागरपार प्रांत' असं लिहिलं. आता वसाहतच नाही, तर ती सोडायची कुठून?

आणि मग हिशेब आपल्या माणसांकडून वसूल होऊ लागला. मे १९५५ मध्ये ना. ग. गोरे सत्याग्रहींची तुकडी घेऊन हद्द ओलांडून गेले. गोऱ्यांचा जन्म हिंदळ्याचा, म्हणजे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातलाच. त्यांना आणि मागोमाग गेलेल्या मधु लिमयांना मारहाण झाली, लांबलचक शिक्षा झाल्या. सुटका झाली १९५७ मध्ये. १५ ऑगस्ट १९५५ ला हजारो निःशस्त्र सत्याग्रही चारी बाजूंनी गोव्यात शिरले. पोर्तुगीज सैनिकांनी गोळ्या झाडल्या. वीसहून जास्त माणसं मेली. यानंतर हद्द बंद झाली, नाकेबंदी सुरू झाली. ज्यांची सोयरीक, कुळदेव, बाजारहाट दोन्हीकडे पसरलेली, त्या कोकणातल्या कुटुंबांच्या मधून एक रेघ गेली. ती रेघ कोणी काढली? सातासमुद्रापलीकडे राहणाऱ्या, गोव्यात कधीही पाऊल न टाकलेल्या एका माजी प्राध्यापकाने.

सांगलीचे मोहन रानडे गोव्यातल्या सावई-वेरें गावात मराठी शिकवत. आझाद गोमंतक दलात गेले, बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन ऑक्टोबर १९५५ मध्ये पकडले गेले. शिक्षा २६ वर्षं. त्यांना पोर्तुगालला नेलं. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, पण रानडे सुटले नाहीत! त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके वर्षानुवर्षं झटले. ते सुटले १९६९ च्या जानेवारीत. स्वतःचा मुलूख स्वतंत्र होऊन सात वर्षं झाल्यावर.

याच काळात गोव्याच्या पोलिसांत काझिमिरो मोंतेरो नावाचा एक अधिकारी छळासाठी कुप्रसिद्ध होता. पुढे तो 'पीद'मध्ये गेला. १९५८ मध्ये जनरल उंबेर्तो देल्गादो यांनी पोर्तुगालच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवून सालाझारला उघड आव्हान दिलं होतं. त्यांना फेब्रुवारी १९६५ मध्ये स्पेनच्या हद्दीजवळ गाठून मारलं गेलं, आणि मारणारा हाच मोंतेरो. परक्या मुलखातल्या माणसांवर चालवून बघितलेलं हत्यार शेवटी स्वतःच्याच माणसांवर चाललं. "कडक पोलीस पाहिजेत, पण त्यांच्यासाठी, आपल्यासाठी नाही" असं ज्यांना वाटतं त्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सालाझार पैसे खात नव्हता. साधा राहत होता. कामसू होता. दुसऱ्या महायुद्धात त्याने देशाला बाहेर ठेवलं, हेही त्याच्या बाजूला मांडायला पाहिजे. मग चुकलं काय?

मला वाटतं, चुकलं ते हे, की त्याला कोणी "साहेब, हे चुकतंय" असं सांगू शकत नव्हतं. कुठल्याही सिस्टीममध्ये फीडबॅकची वायर तोडली की ती काही काळ फार सुरेख चालते. अलार्म वाजत नाहीत ना! सगळं शांत. सालाझारचा पोर्तुगाल तीस-पस्तीस वर्षं असाच शांत होता, आणि त्या शांततेत पश्चिम युरोपातल्या सगळ्यात गरीब आणि निरक्षर देशांपैकी एक होऊन राहिला.

डिसेंबर १९६१ मध्ये काय झालं पाहा. भारतीय फौजा हद्दीवर उभ्या होत्या. गोव्यात पोर्तुगीज सैन्य होतं साडेतीन हजारांच्या आसपास, लढाऊ विमानं एकही नाही. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांना सालाझारचा संदेश आला: शरणागती नाही, आमचे सैनिक एकतर जिंकलेले असतील किंवा मेलेले. लिस्बनमध्ये बसून, टेबलावरच्या दिव्याच्या उजेडात हे लिहिलेलं. वासालोंनी १९ डिसेंबरला शरणागती पत्करली आणि शेकडो पोर्तुगीज पोरांचे आणि गोवेकरांचे जीव वाचवले. बक्षीस म्हणून त्यांना पुढे सैन्यातून काढून टाकलं. लोकशाहीत अशा सेनापतीला निदान संसदेत उभं राहून बोलणारा कोणीतरी वकील मिळाला असता.

'प्रामाणिक हुकूमशहा'ची हौस आपल्याकडे आजची नाही. १९२६ मध्ये रवींद्रनाथ मुसोलिनीचे पाहुणे म्हणून इटलीत गेले आणि प्रभावित झाले. नंतर तिथल्या निर्वासितांकडून खरी हकिकत कळल्यावर त्यांनी जाहीर पत्र लिहून आपला पाठिंबा नाही हे सांगितलं. आपले डॉ. बा. शि. मुंजे मार्च १९३१ मध्ये रोमला मुसोलिनीला भेटले, तिथल्या तरुणांच्या लष्करी शिक्षण संस्था पाहून भारावले, आणि १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल उभं राहिलं त्यामागे या प्रवासाचाही वाटा होता. गुलामीत खितपत पडलेल्या देशाला दुरून शिस्त, कवायत, भरभर चालणारी कामं दिसत होती. मात्र त्याच सुमारास सव्वाशे किलोमीटरवर, पेडणे-म्हापशात, त्या शिस्तीचा आतला भाग दिसत होता. तिकडे बघायला कोणाला सवड होती?

आणि आपणही एकदा चव घेतली आहेच. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. गाड्या वेळेवर धावतात म्हणून कौतुक करणारे तेव्हाही होते. सालाझारच्या तुरुंगात राहून आलेले मधु लिमये या वेळी स्वतःच्या देशाच्या तुरुंगात होते. फरक एवढाच, आणि हा फरक फार मोठा आहे, की १९७७ च्या मार्चमध्ये निवडणूक झाली आणि लोकांनी पासवर्ड बदलला. पोर्तुगालला ते करायला १९२६ पासून १९७४ पर्यंत, म्हणजे ४८ वर्षं लागली. २५ एप्रिल १९७४ ला तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी राजवट उलथली आणि त्याच वर्षाच्या अखेरीला नव्या पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं कायदेशीर मान्य केलं. जे १९५० मध्ये दोन मुत्सद्दी एका टेबलावर बसून करू शकले असते, ते.

सालाझारचं स्वतःचं काय झालं? ऑगस्ट १९६८ मध्ये तो खुर्चीवरून पडला. खरोखरच्या खुर्चीवरून, हा अलंकार नाही. पुढच्या महिन्यात मेंदूत रक्तस्राव होऊन तो निकामी झाला आणि मार्सेलो कायतानो पंतप्रधान झाले. पण म्हाताऱ्याला हे सांगायचं कोणी? कोणीच सांगितलं नाही. जुलै १९७० मध्ये मरेपर्यंत आजूबाजूची माणसं त्याला तोच पंतप्रधान आहे असं भासवत राहिली. मंत्री भेटायला येत, कामकाजाच्या गोष्टी करत. चाळीस वर्षं ज्याने देशाला खरं बोलू दिलं नाही, त्याच्याशी शेवटी एकही माणूस खरं बोलला नाही.

तर मंडळी, पुढच्या वेळी टपरीवर कोणी म्हणालं, की एक प्रामाणिक हुकूमशहा पाहिजे, तर वाद घालू नका. चहा सांगा आणि दोनच प्रश्न विचारा. तो चुकला तर त्याला सांगणार कोण? आणि पाच वर्षं संपल्यावर त्याला उठवणार कोण?